वाचनालयाचे दार



एखादे ग्रंथालय शंभर वर्षांचे होते तेव्हा प्रथम आठवण निघते ती संस्थापकांची, देणगीदारांची आणि तुटपुंज्या वेतनावर आयुष्यभर कपाटांची निगा राखणाऱ्या सेवकवर्गाची. तशी ती निघावीही. परंतु शताब्दी हा हिशेबाचाही प्रसंग असतो. किती ग्रंथ जमले याबरोबरच दारातून कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हाही त्या हिशेबातला एक रकाना आहे. हा रकाना सहसा कोरा राहतो. अमेरिकेतील ग्रंथालयांनी तो अर्धशतकाहून अधिक काळ कोरा ठेवला आणि पुढे मोठ्या संघर्षानंतर तो त्यांना भरावा लागला. बडोद्याच्या वाचकाला तो इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अमेरिकेचा प्रवास केला. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी ते प्रभावित झाले आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालये, ग्रंथपालांचे प्रशिक्षण ही सारी व्यवस्था त्या काळात उभी राहिली. ग्रंथालय सर्वांसाठी, विनामूल्य आणि सरकारी खर्चाने चालणारे असावे, हा विचार अमेरिकेतून आला आणि बडोद्यात रुजला. हे बडोद्याचे भूषणच आहे. मात्र ज्या वर्षांत हा विचार समुद्र ओलांडून येथे आला, त्याच वर्षांत त्याच्या मायदेशी, दक्षिणेकडील राज्यांत, ‘सर्वांसाठी’ या शब्दाचा अर्थ ‘सर्व गोऱ्यांसाठी’ एवढाच होता.

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिली होती. वेगळे ठेवण्याची आज्ञा तंतोतंत पाळली गेली. समान देण्याची आठवण कोणाला राहिली नाही. १९०२ मध्ये जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात कार्नेगी यांच्या देणगीतून भव्य ग्रंथालय उभे राहिले. त्याचा चालू खर्च शहराच्या करातून व्हायचा होता, आणि तो कर कृष्णवर्णीय नागरिकही भरत होते. तेथील विद्यापीठात अध्यापन करणारे थोर समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस काही सहकाऱ्यांसह विश्वस्तांपुढे गेले आणि त्यांनी प्रवेशाची मागणी केली. विश्वस्तांनी ऐकून घेतले, सभ्य भाषेत नकार दिला आणि पुढे कधीतरी निराळ्या ग्रंथालयाचा विचार करता येईल असे सुचविले. ते निराळे ग्रंथालय उघडायला १९२१ साल उजाडले. मुख्य ग्रंथालयाचे दार सर्वांना खुले व्हायला १९५९.

या काळोखात काही दिवेही होते. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे १९०५ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र शाखा निघाली आणि टॉमस फाउंटन ब्लू हे तिचे प्रमुख झाले. त्यांचे आईवडील एके काळी गुलाम होते. ब्लू यांनी नुसती शाखा चालवली नाही, तर कृष्णवर्णीय ग्रंथपाल घडविणारे वर्ग सुरू केले. परंतु असा माणूसही एका मर्यादेच्या आतच कर्तृत्व दाखवू शकत होता, आणि ती मर्यादा त्याने आखलेली नव्हती.

या व्यवस्थेचे खरे स्वरूप आकड्यांपेक्षा एका माणसाच्या अनुभवातून अधिक कळते. १९२७ च्या सुमारास मेम्फिस शहरात रिचर्ड राइट नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण चष्म्यांच्या कारखान्यात हरकाम्या होता. एच. एल. मेन्केन या लेखकावर वर्तमानपत्राने झोड उठवलेली त्याने वाचली. दक्षिणेतील वृत्तपत्रे ज्याचा इतका द्वेष करतात तो गोरा माणूस लिहितो तरी काय, असे त्याला वाटले. ग्रंथालय जवळच होते, प्रवेश नव्हता. मग त्याने एका गोऱ्या सहकाऱ्याला विश्वासात घेऊन त्याचे कार्ड मागितले आणि त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत स्वतःचा उल्लेख त्याने ज्या अपमानकारक शब्दाने केला, तो शब्दच त्याचा परवाना होता. तो शब्द नसता तर चिठ्ठी खरी वाटली नसती. ग्रंथपाल बाईंना तरीही शंका आली. पुस्तके तू स्वतः तर वाचणार नाहीस ना, असे त्यांनी विचारले. आपल्याला वाचताच येत नाही, असे त्याने सांगितले. पुस्तक मिळविण्यासाठी निरक्षर असल्याचे सोंग घ्यावे लागलेला हा वाचक पुढे १९४० साली ‘नेटिव्ह सन’ या कादंबरीने देशभर गाजला. मेम्फिसचा हा प्रसंग त्याने १९४५ च्या आत्मकथनात सांगितला आहे.

या कथेत राइटइतकेच लक्ष त्या सहकाऱ्याकडे द्यायला हवे. तो धनवान नव्हता. आयरिश वंशाचा कॅथलिक असल्यामुळे इतर गोरे त्याचा तिरस्कार करीत. म्हणूनच तर राइटने त्याला निवडले. तरीही त्याच्या खिशात ग्रंथालयाचे कार्ड होते, आणि ते मिळवताना आपण काही विशेष मिळवीत आहोत असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. विशेषाधिकार म्हणतात तो हाच. तो म्हणजे श्रीमंती नव्हे, सुखही नव्हे. गोऱ्या माणसालाही दारिद्र्य येते, दुःखे येतात, अवहेलना वाट्याला येते. मात्र ती त्याच्या कातडीच्या रंगामुळे येत नाही. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये मांडले होते की दक्षिणेतील गरीब गोऱ्या मजुराला कमी मजुरीबरोबर आणखी एक वेतन मिळत असे. ते पैशात नव्हे, तर सार्वजनिक मानाच्या रूपाने मिळे. १९८८ साली पेगी मॅकिंटॉश या गोऱ्या विदुषीने आपल्या रोजच्या जीवनातील अशा न मागता मिळालेल्या सवलतींची यादीच केली. तिचा रोख असा की अन्याय सोसणाऱ्याला तो दिसतो, पण त्याच अन्यायातून लाभ मिळणाऱ्याला आपला लाभ दिसत नाही. त्याला ती जगाची रीतच वाटते. उघड्या दारातून रोज जाणाऱ्याच्या लक्षात दार राहत नाही. ते ज्याच्यासाठी बंद असते, त्यालाच ते दिसते.

हे दार सर्वांना दिसावे म्हणून व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे एका तरुण वकिलाने योजलेला उपाय विलक्षण साधा होता. सॅम्युअल विल्बर्ट टकर यांचे घर ग्रंथालयापासून हाकेच्या अंतरावर होते. एका निवृत्त सैनिकाबरोबर त्यांनी कार्डासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. २१ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी तयार केलेले पाच तरुण नीटनेटका पोशाख करून एकामागून एक ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने कार्ड मागितले. नकार मिळताच प्रत्येकाने मांडणीवरून एक पुस्तक घेतले आणि निरनिराळ्या मेजांशी बसून मुकाट्याने वाचायला सुरुवात केली. एकाच मेजाशी बसून बोलले असते तर गोंगाटाचा आरोप ठेवता आला असता. पोलीस आले. वाचणाऱ्यांना पकडून नेले आणि शांतताभंगाचा आरोप ठेवला. वाचनकक्षात पूर्ण शांतता पाळणाऱ्यांवर शांतताभंगाचा आरोप, ही विसंगती न्यायालयालाही पेलवली नसावी. खटला निकालाविना तसाच पडून राहिला. नगरपालिकेने मात्र तत्परतेने तोडगा काढला. १९४० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी लहानसे वेगळे ग्रंथालय बांधले. टकर यांनी त्याचे सभासदत्व घेण्यास ठाम नकार दिला. त्यांना पुस्तक हवे होते, पण त्याआधी नागरिकत्व हवे होते.

पुढची दोन दशके असेच तोडगे निघत राहिले. १९६० मध्ये दक्षिण कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथे आठ विद्यार्थ्यांना ग्रंथालयात बसल्याबद्दल अटक झाली. त्यांत पुढे राष्ट्रीय नेते झालेले जेसी जॅक्सन होते. नगराने मग गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे अशी दोन्ही ग्रंथालये काही काळ बंदच केली. व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथे न्यायालयाचा आदेश आल्यावर त्याच वर्षी ग्रंथालय आधी बंद झाले आणि पुन्हा उघडले तेव्हा आतील मेज-खुर्च्या काढून टाकलेल्या होत्या. पुस्तक घ्या, पण बसू नका. कृष्णवर्णीय शेजारी बसू नये म्हणून गोऱ्या वाचकांनीही उभे राहणे पत्करले. विशेषाधिकार टिकवण्यासाठी माणसे स्वतःचे नुकसान किती शांतपणे सोसतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

लुइझियाना राज्यातील क्लिंटन गावच्या ग्रंथालयाच्या दोन फिरत्या गाड्या होत्या. तांबडी गोऱ्यांसाठी, निळी कृष्णवर्णीयांसाठी. मार्च १९६४ मध्ये पाच कृष्णवर्णीय तरुण गावातील ग्रंथालयात गेले आणि एकाने कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरील एक पुस्तक मागितले. ते शिलकेत नव्हते. मागवून घेऊ, टपालाने पाठवू अथवा निळ्या गाडीतून मिळेल, असे ग्रंथपाल बाईंनी सौजन्याने सांगितले. तरुण काही न बोलता तेथेच थांबले. काही मिनिटांत त्यांना अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची शिक्षा रद्द झाली. नऊपैकी चार न्यायमूर्तींना अजूनही ती योग्य वाटत होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

दार उघडले, पण दार बंद असतानाची वर्षे परत आली नाहीत. ग्रंथालयाबाबत जे झाले तेच घरांबाबत झाले. १९३४ नंतर सरकारी हमीच्या गृहकर्जांमुळे लक्षावधी गोरी कुटुंबे घरमालक झाली. कृष्णवर्णीय वस्त्या जोखमीच्या ठरवून त्या हमीतून वगळल्या गेल्या. हा भेद कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये. तोवर एका पिढीची घरे उभी राहिली होती आणि त्यांची किंमत वाढत होती. त्या किमतीवर पुढच्या पिढीचे शिक्षण झाले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ सालच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. आजच्या गोऱ्या नातवाने कोणाला दारातून हाकलले नसेल; परंतु आजोबांना मिळालेल्या कार्डाचे व्याज त्याच्या खात्यावर जमा होत असते.

हे सारे ऐकून समाधानाने परकीयांकडे बोट दाखवण्याची सोय मराठी वाचकाला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला, तो येथल्या सज्जनांनी तो कित्ता गिरवावा म्हणूनच. आणि बडोद्याची आठवण तर अधिक जवळची आहे. याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. परदेशातल्या वर्षांत अस्पृश्यतेची जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी नोंदवले आहे. १९१७ मध्ये ते संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास परतले, तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी नावाजलेल्या या नगरीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ कमाटीबागेत काढावा लागला. राजा उदार होता, कायदा अनुकूल होता. दारे मात्र नगरवासीयांच्या हातात होती. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघापुढील अर्जाची माहिती मागवली. दोन देशांतल्या दोन बंद दारांची ओळख पटलेली ती माणसे होती. वंश आणि जात एक नव्हेत. पण दाराच्या आतल्याला दार न दिसणे, हे दोन्हीकडे सारखेच.

अमेरिकी ग्रंथालय संघाने २०१८ मध्ये ठराव करून, ग्रंथालयांतील भेदाविरुद्ध लढलेल्यांचा गौरव केला आणि झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. अलेक्झांड्रियाच्या पाच वाचकांवरील आरोप २०१९ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी, रीतसर रद्द झाले. त्यांना दूर ठेवण्यासाठी बांधलेली ती लहानशी इमारत आज तेथील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संग्रहालयाचा भाग आहे.

तेथील ग्रंथपाल हे करू शकले, कारण जुनी दप्तरे त्यांनी जपली होती आणि ती उघडण्याचे धैर्य दाखवले. जुन्या मराठी ग्रंथालयांच्या नियमांत अनामत रक्कम, दोन सभासदांची शिफारस अशा साध्यासुध्या अटी आढळतात. त्या लिहिणाऱ्यांच्या मनात कोणाचा द्वेष नसेल. परंतु ज्याच्या ओळखीत एकही सभासद नव्हता, त्याने शिफारस कोणाची आणायची? शताब्दीच्या वर्षात विश्वस्तांनी पहिल्या पन्नास वर्षांच्या सभासद-नोंदवह्या माळ्यावरून खाली काढाव्यात आणि नावे वाचावीत. कोणत्या आळीतील, कोणत्या वस्तीतील, किती स्त्रिया, हे मोजावे. पुढच्या शतकातले पहिले काम कोणते, ते त्या वह्यांतच लिहिलेले असेल.