डाळ खाल्ल्याने हाडे झिजतात का?

(महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

 

गेल्या महिन्यात आम्ही महिला विभागातल्या काही जणी लिंबायत, उधना भागातल्या ज्येष्ठ सभासदांना भेटायला गेलो होतो. तीन-चार घरांत एकच वाक्य ऐकले : "प्रथिनं जास्त झाली की हाडातलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, म्हणून डाळ-दूध कमी केलंय." एक आजी तर वरणाचे नुसते पाणी घेत होत्या. पडून खुब्याचे हाड मोडले की म्हातारपण कसे अंथरुणाला खिळते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

ही समजूत अगदीच निराधार नाही. प्रथिनांतल्या गंधकामुळे शरीरात थोडे आम्ल तयार होते आणि प्रथिने वाढवली की लघवीतले कॅल्शियमही वाढते. हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. ते कॅल्शियम हाडांतूनच येत असणार, असे पुष्कळ काळ मानले गेले. पुढे खुणेचे कॅल्शियम देऊन मोजमाप केले, तेव्हा वेगळेच दिसले. प्रथिने पुरेशी असली की आतडे अन्नातले कॅल्शियम जास्त शोषते. लघवीतली वाढ बरीचशी तिथली असते. शिवाय हाडाचा सांगाडाच कोलॅजेन या प्रथिनाचा. कॅल्शियम त्यावर बसते. म्हणजे डाळ सोडणे हे भिंत वाचवण्यासाठी विटा काढण्यासारखे झाले!

मात्र एक अट आहे. जोडीला कॅल्शियमही हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. प्रथिने वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला साधारण ४२ ग्रॅम. पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, तर १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास. आपल्या खानदेशी कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतोच; सोबत वाटीभर दही घ्या. सुरती लोचोसुद्धा चणाडाळीचाच!

कॅल्शियम लघवीवाटे नेणारे खरे काही असेल तर ते जास्तीचे मीठ. तेव्हा हात आखडायचा तो पापड, लोणचे आणि फरसाणावर. सकाळचे थोडे ऊन घ्या, रोज चाला. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा.

त्या आजींकडे आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ताटात घट्ट वरण होते. अनंत चतुर्दशीला वाटल्या डाळीचा प्रसाद मिळेल. मंडळी, तो बिनधास्त खा, फक्त मीठ बेताने!