अदिन्नादान आणि आमचा संगणक



दर रविवारी विहारात आम्ही त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो. जे दिलेले नाही ते घेणार नाही, हे त्यातील दुसरे शील. वंदना आटोपून अभ्यासिकेत यावे, तर तेथील संगणकावर सगळी सॉफ्टवेअर चोरीची! कोणा एकाला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. मंडळाजवळ पैसे नव्हते आणि मुलांना तर शिकायचे होते. पण 'सगळेच तसे करतात' हे उत्तर आमचे आम्हांलाच पटेना. त्यातच अशा एका चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरस आला आणि वर्गणीचा हिशेब पुसला गेला. मग आम्ही शोध सुरू केला.

तेव्हा कळले की, बनविणाऱ्यांनीच सर्वांना देऊन टाकलेली सॉफ्टवेअरही जगात आहेत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. तेथील प्रिंटर वारंवार अडकायचा. सुधारणा करावी, तर त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, पाहू देण्यास त्यांना नकार मिळाला. हे त्यांच्या मनाला लागले. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. त्याचे वय तेव्हा २१ वर्षे होते. समोर बसलेल्या मुलामुलींनी एवढे ध्यानात घ्यावे.

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने घोटाळा होतो. मराठीत मोफत वेगळे आणि मुक्त वेगळे. मोबाईलवर मोफत मिळणारी कित्येक अ‍ॅप्स आपली माहिती गोळा करतात आणि आत काय चालले आहे ते दाखवीत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, उघडून अभ्यासावे, बदलावे, शेजाऱ्याला द्यावे; चारही गोष्टींची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षर पाहण्याची बंदी होती, त्यांना 'आत पाहू नका' या अटीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता कामाचे. पत्रव्यवहार आणि हिशेबासाठी आम्ही लिबरऑफिस घेतले. ते विंडोजवरही चालते, म्हणून सुरुवात त्यानेच करावी. दुसरीकडून आलेल्या फाइलमधले तक्ते कधी कधी विस्कटतात, हेही सांगून ठेवतो. भीमगीते गाणाऱ्या आपल्या वृद्ध मंडळींचे आवाज ध्वनिमुद्रित करण्यासाठी ऑडॅसिटी आहे. अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्त' हा सुरेख देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतो.

सर्वांत मोठा उपयोग आमच्या जुन्या स्मरणिकांना झाला. त्या ज्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या तो नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर आमचा, पण किल्ली दुसऱ्याकडे! आता छापील पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या मुक्त प्रोग्रामने आम्ही ती युनिकोड मराठीत उतरवीत आहोत. जोडाक्षरांत चुका होतात, त्यामुळे मुद्रितशोधन माणसालाच करावे लागते. मराठी चांगले असलेल्या मुलींनी आणि मुलांनी या कामाला यावे.

विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. पुढची आवृत्ती न घेणारे संगणक भंगारात देण्याची घाई करू नका. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. आतल्या फायलींना धक्का न लावता. पसंत पडले तरच बसवावे, आणि त्याआधी आपल्या फोटोंची व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी.

येत्या रविवारी वंदनेनंतर अभ्यासिकेत हे करून दाखवू. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह सोबत आणावा. जयभीम!