ती माणसं कुठं निघाली होती?

(हडपसर येथील हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



मला सांगितलं होतं की पाड्यांवरच्या कामाचा अहवाल द्या, आणि वेळ उरला तर सध्या जी दुफळी माजली आहे तिच्याबद्दलही दोन शब्द बोला. अहवाल छापून तुमच्या हातात आला आहे. आरोग्य शिबिरं, वसतिगृहाच्या मुली, विहिरीचा खर्च, सगळं त्यात आहे. म्हणून सगळा वेळ मी दुसऱ्या विषयालाच देते.

सुरुवात आपल्या हडपसरपासून. २ जून २०१४, सोमवार. मी तेव्हा ससाणेनगरला भाड्यानं राहत होते. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं कुणीतरी फेसबुकवर टाकली होती. त्यावरून बसवर दगड पडत होते, दुकानांची शटर खाली होती. त्या रात्री उन्नतीनगरमध्ये मोहसीन शेख या तरुणाला जमावानं मारलं. सोलापूरचा मुलगा, इथं एका खासगी कंपनीत आयटीचं काम करायचा. नमाजानंतर मित्राबरोबर परतत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी होती, डोक्यावर टोपी होती, एवढं पुरलं. खटला चालला आणि जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. म्हणजे त्याला कुणी मारलं, याचं कोर्टातलं उत्तर आजही नाही.

आता माझा भाग. त्यातलं एक चित्र माझ्याही फोनवर आलं होतं. मला राग आला, भीती वाटली. मी ते तिघांना पुढं पाठवलं. खाली लिहिलं, "बघा काय चाललंय. पुण्यासाठी प्रार्थना करा." माझा हेतू चांगला होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. पण चित्र तर गेलंच ना? तीन फोनांवर गेलं, तिथून कुठं गेलं मला ठाऊक नाही.

स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा शौल तिथं होता. त्यानं दगड उचलला असं प्रेषितांची कृत्ये सांगत नाही. साक्षीदारांनी आपली वस्त्रं त्याच्या पायांजवळ ठेवली, एवढंच सांगितलं आहे. डिप्लोमाच्या वर्गात हा भाग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. पुढं कित्येक वर्षांनी वाटलं, कपडे सांभाळणारा नसता तर दगड मारणाऱ्यांचे हात इतके मोकळे राहिले असते का?

दुसरी रात्र १६ एप्रिल २०२० ची. टाळेबंदी. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक, अशा तिघांना जमावानं ठार केलं. रात्री मुलं पळवणारे फिरतात, अशी अफवा त्या पट्ट्यात होती, लोक रात्री पहारे देत होते. जमाव आदिवासी होता. ज्या समाजासाठी तुम्ही दरमहा पाकिटात पैसे घालता, तोच समाज. याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात असंच घडलं होतं. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी, भिक्षेकरी माणसं, अशाच अफवेतून मारले गेले. आपण पाड्यावरच्या माणसाला भोळा म्हणतो. तो कौतुकाचा शब्द नाही, हे मला तेव्हा कळलं. भोळा म्हटलं की त्याच्याकडून काही अपेक्षाच ठेवायची नाही.

गडचिंचल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत टीव्हीवर कुणी मुसलमानांचं नाव घेऊ लागलं, कुणी मिशनऱ्यांचं. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली, त्यात एकही मुसलमान नाही हे दाखवायला. आणि माझा फोन दिवसभर वाजत होता. "ताई, आपलं नाव तर नाही ना आलं?" इथं बसलेल्यांपैकीही काहींनी केला होता. तुम्हाला दोष देत नाही, कारण पहिल्यांदा मीही तेच शोधत होते. आपल्या संस्थेचं नाव नाही हे पाहिलं आणि चक्क हायसं वाटलं. तीन माणसं मेली होती आणि मला हायसं वाटलं.

आमच्या कामावर एक वारली आजी आहेत, सुईणपण करतात, शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांना फोनवर हे सांगत होते. त्यांनी एकच विचारलं, "ती माणसं कुठं निघाली होती?"

मला माहीत नव्हतं. चार दिवस सगळ्या बातम्या पाहत होते, तरी नव्हतं. मग शोधलं. ते मुंबईहून सुरतेला, आपल्या गुरूंच्या अंत्यविधीला निघाले होते. त्याच महिन्यात माझे मामा अहमदनगरला वारले होते. मला पास मिळाला नाही, माती द्यायला जाता आलं नाही. ते दोघे जिवावर उदार होऊन निघाले, मी घरी बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी रडले. भगवे कपडे, इतक्या वर्षांची भांडणं, धर्मांतराचे आरोप, हे सगळं होतं तिथंच होतं, आणि तरीही रडले.

त्यानंतर आम्ही पाड्यावरच्या बैठकीत एक गोष्ट धरली. अफवा आली की पुढं पाठवण्याआधी पोलीस पाटलाला किंवा आश्रमशाळेच्या गुरुजींना फोन करायचा. साधं आहे. पाड्यावर ते बऱ्यापैकी जमलं. आपल्या मंडळीच्या ग्रुपवर मात्र मला अजून जमवता आलेलं नाही, हे कबूल करते.

रागावू नका. "अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या फाशी, तातडीनं प्रार्थना करा," हा मेसेज तुमच्यापैकी किती जणांनी पाठवला आहे? २००७ मध्ये तालिबाननं दक्षिण कोरियाच्या २३ ख्रिस्ती स्वयंसेवकांना पळवलं होतं. दोघांना मारलं, बाकीचे सुटून घरी गेले. ते संपलं. पण ते २२ जण आपल्या फोनवर वर्षानुवर्षं उद्याच फासावर जात आहेत. प्रार्थनेची विनंती म्हटली की आपण तपासत नाही. निवडणूक जवळ आली की त्याच वाटेनं आणखी काय काय येतं, ते मी इथं वाचून दाखवत नाही, तुम्ही पाहता.

एक राहिलं. २०१४ च्या त्या तिघांपैकी दोघांना मी मागच्या वर्षी फोन केला. म्हटलं, ते चित्र मी पाठवायला नको होतं, माझं चुकलं. एकाला आठवतच नव्हतं. दुसऱ्या ताई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मीही पुढं पाठवलं होतं गं."

तिसरे भाऊ आज इथं मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना अजून बोलले नाही. चहाच्या वेळी भेटते.