मुरलेल्या द्राक्षाची पंगत



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली, तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, "व्याख्यानमालेत आता दारूवर बोलणार काय?" प्रश्न रास्त होता. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पोराला कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या बायका ज्या गावाने पाहिल्या, तेथे या विषयावर जपूनच बोलावे. कोणी प्यावे, असे सांगायला मी उभा नाही. मला एका जेवणाची हकीकत सांगायची आहे. आणि त्या जेवणात शहाणा ठरला तो न पिणारा मनुष्य.

मुरण्याचे आपल्याला वावडे नाही. जुने काळे पडलेले लिंबाचे लोणचे आपण आजाऱ्याच्या पानात कौतुकाने वाढतो. आसवे जुनी झाली की गुणाने चढतात, असे शार्ङ्गधरसंहिताही सांगते. पण बरणीत घातलेले सगळेच मुरत नाही, काही नासते. वाइनचेही तसेच. बहुतेक वाइन दोनचार वर्षांत संपवावी अशीच केलेली असते. सालीचा तुरटपणा आणि अंगचा आंबटपणा ज्या तांबड्या वाइनमध्ये भरपूर, ती टिकण्याचा संभव अधिक. वर्षे जातात तशी तुरट द्रव्ये आणि रंगद्रव्ये एकमेकांस चिकटून जड होतात व गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरी होतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि सुक्या मेव्याचा, कमावलेल्या चामड्याचा, पहिल्या पावसातल्या मातीचा वास पुढे येतो.

आता हे आपल्या गावाशी कसे जुळले? द्राक्ष आपल्याला नवे नाही. 'सोनाका' हे वाण आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांचे. पण ते खाण्याचे, बेदाण्याचे द्राक्ष. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे. खायला बसलात तर तोंड वाकडे कराल. अकलूजच्या बाजूला त्याची लागवड झाली ती २००७ च्या सुमारास. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की, अशा भावांनी मिळून तो कारखाना काढला, म्हणून नाव 'फ्रातेली', म्हणजे भाऊ. टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला आले. त्यांच्या एका मानाच्या वाइनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. तसा इटलीचा आणि आपला व्यवहार जुनाच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात भडोच बंदरी उतरणाऱ्या वाइनमध्ये इटलीच्या वाइनला पहिली पसंती दिली आहे. आणि त्याच बंदराला तगरहून, म्हणजे आपल्या शेजारच्या तेरहून, गाड्या भरभरून कापड जात होते. कापड विणणाऱ्यांच्या गावाला एवढा अभिमान क्षम्य असावा!

नाशिकला 'सुला'ची पहिली वाइन निघाली २००० साली. म्हणजे आपल्या मातीतली जुनी म्हणावी अशी वाइन अजून मोजक्याच घरी सापडायची. जी बाटली उघडावी ती एकाने कमी होते, आणि उघडली की उद्यावर ठेवता येत नाही. काही तासांतच तिचा वास विरतो. ७५० मिलिलिटर एकट्याने संपवणे हा शहाणपणा नव्हे. तेव्हा मित्र बोलवावे लागतात.

गेल्या माघात आम्ही सहा जण जमलो. पिणारे पाच. सहावा बेदाण्याच्या व्यापारात जन्म घालवलेला; त्याचे वडील गिरणीत होते आणि पगार घरी येण्याआधीच संपत असे. त्याने आयुष्यात थेंब घेतलेला नाही, आणि त्या रात्रीही कोणी आग्रह केला नाही. एकाच मळ्याच्या, निरनिराळ्या सालांच्या तीन बाटल्या होत्या. चिठ्ठी दिसू नये म्हणून त्यांना सोलापुरी टॉवेल गुंडाळले होते. बेताच्या तिखटाचे मटण होते, भाकरी होती. शेंगाचटणी मात्र यजमानांनी शेवटपर्यंत फडताळात ठेवली, कारण तिखटावर वाइन जिभेला अधिकच भाजते. सोलापूरकराच्या घरी चटणीला बंदी! मी निषेध नोंदवला.

पहिल्या दोन बाटल्यांत आमची विद्वत्ता उघडी पडली. सर्वांत कोवळी ती आम्ही सर्वांत जुनी ठरवली. तिसरी माझी होती, नऊ वर्षे जपलेली. टॉवेल काढला, साल दिसले, आणि सगळे एकदम भाविक झाले. कोणाला खजूर लागला, कोणाला अंजीर. पेला फिरत फिरत त्या बेदाणेवाल्याकडे गेला. त्याने तो नाकाशी धरला, पुन्हा धरला, आणि हळूच म्हणाला, "हा माल उन्हात राहिलाय."

कोणी बोलेना. मी मनात हिशेब केला. बाटली माझ्या घरी पत्र्याखालच्या माळ्यावर होती. अशा वाइनला बाराही महिने बारा ते पंधरा अंशांचा गारवा हवा. आपला वैशाख चाळीसच्या पुढे जातो. नऊ उन्हाळे मी तिला शिजवली होती. बूचही किंचित वर आलेले होते. उघडताना मी ते पाहिले होते आणि बोललो नव्हतो.

जेवण उरकत आले तेव्हा मी त्याला विचारले, "तू घेत नाहीस, मग आमच्यात बसतोस कशाला?" तो म्हणाला, "बाटली मधे आहे आणि माणसं बेतानं घेतायत, हसतायत, असं लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. ते बघायला बसतो."

मग त्याने यजमानांकडे हात केला. "आता ती चटणी काढा. आज सकाळीच कुटलीय ना?"