रोग्याची बोली

रोग्याच्या नाडीवर बोट ठेवायला वैद्याला शिकविले जाते. त्याच्या बोलीकडे कान द्यायला मात्र क्वचितच शिकविले जाते. आपल्यासारख्या बहुभाषी देशात ही उणीव लहान नव्हे. दुखणे कसे, केव्हापासून आणि कशाने वाढते, हे सांगण्यासाठी दोघांना समान भाषा नसेल, तर निदानाचा मोठा आधारच नाहीसा होतो.

गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण घ्या. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रोग्यांची माडिया भाषा आत्मसात केली. पुढे १९८६ पासून याच जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा, हे आदिवासींनाच विचारले. उत्तरे अंतर्मुख करणारी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढरे वस्त्र तर आम्ही प्रेतावर घालतो. आणि आप्तांना रोग्याजवळ राहू देत नाहीत! म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा उभारला गेला. त्यात नातलगांची सोय झाली आणि त्याला नाव मिळाले दंतेश्वरी देवीचे.

कोणी विचारील, मग शास्त्राने रूढीपुढे मान तुकवावी की काय? मुळीच नाही. घातक रूढीला विरोध हा केलाच पाहिजे. पण ज्याला आपण परका वाटतो, त्याला आपला उपदेशही परकाच वाटतो. ज्याने आधी ऐकून घेतले, त्याचेच पुढे ऐकले जाते. याच जिल्ह्यातील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची शुश्रूषा घरोघरी नेण्यात आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. औषधे शास्त्राचीच होती. ती देणारे हात मात्र गावचे होते.

आम्ही शासकीय सेवेतील माणसे खाटा मोजतो, रिक्त पदे मोजतो, औषधांचा साठा मोजतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु खाट रिकामी असूनही रोगी दाराशीच का थबकतो, याचे उत्तर त्या आकड्यांत सापडत नाही. नेमणुकीच्या जागची बोली शिकणे हा वैद्याचा छंद न राहता त्याच्या शिक्षणाचाच भाग व्हावा. रोग्याला समजून घेणे हे सौजन्य तर खरेच. पण त्याहून अधिक म्हणजे, उपचाराचा आरंभच तेथून होतो.