पाडावे की सावरावे? : इंदूरच्या नेहरू स्टेडियमच्या निमित्ताने



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, ते आपले क्रीडाशिक्षक सर वर्गात फारसे बोलत नसत. मैदानावर मात्र त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत पोचे. ज्याची हयात संधी-समास शिकविण्यात गेली, तो मराठीचा निवृत्त प्राध्यापक आज क्रीडांगणावर बोलणार, हे ऐकून ते खचितच हसले असते. परंतु आपल्या नेहरू स्टेडियमची डागडुजी करावी की ते पाडून नवे उभारावे, हा प्रश्न या गावात पुनःपुन्हा निघतो, आणि त्यावर माझे मत दोनदा बदलले आहे. ते कसे बदलले, एवढेच सांगतो.

आरंभ शब्दापासून करतो; जुनी खोड आहे. ‘स्टेडियम’चे मूळ ग्रीक ‘स्टेडिऑन’. हे अंतराचे माप, सुमारे ६०० फुटांचे. पुढे तेवढ्या अंतराची शर्यत, मग शर्यतीची जागा आणि अखेरीस भोवतालच्या बैठका, असा तो शब्द धावणाऱ्याकडून पाहणाऱ्याकडे सरकत गेला. आपला ‘मैदान’ हा फारसीतून आलेला शब्द मात्र मोकळ्या जागेपाशीच थांबला.

इंदूरची खरी कीर्ती त्या मोकळ्या जागेची आहे. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध इंदुरात ८ बाद ९१२ धावा झाल्या आणि एकाच डावात सहा फलंदाजांनी शतके काढली. हे सारे माझ्या जन्माआधीचे. वडीलधाऱ्यांकडून इतक्या वेळा ऐकले की स्वतः पाहिल्यासारखे वाटते. नेहरू स्टेडियम मात्र माझ्या पिढीचे. सर आम्हा मुलांना तेथे नेत आणि गॅलरीच्या वरच्या पायरीवर बसवून क्षेत्ररचना समजावून सांगत.

२५ डिसेंबर १९९७ रोजी त्याच मैदानावर भारत-श्रीलंका सामना अवघ्या तीन षटकांनंतर थांबवावा लागला. चेंडू असा उसळत होता की फलंदाजाच्या जिवाला धोका. जमलेल्या लोकांसाठी मग बाजूच्या खेळपट्टीवर प्रदर्शनीय सामना झाला. जगभर आपल्या गावाचे हसे झाले. त्या संध्याकाळी मी तावातावाने म्हणालो होतो, ‘पाडून टाका हे एकदाचे!’

पुढे ३१ मार्च २००१ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिन तेंडुलकरने याच मैदानावर एकदिवसीय सामन्यांतील दहा हजार धावा पूर्ण केल्या. असा तो जगातील पहिलाच फलंदाज. माझे मन विरघळले; एक वीटही हलवू नये, असे मी म्हणू लागलो. आता वाटते, पहिले मत रागाचे होते आणि दुसरे लोभाचे. वास्तूचा विचार दोन्हींत नव्हता.

२००६ पासून आंतरराष्ट्रीय सामने महाराणी उषाराजे मैदानावर होऊ लागले. तेच आजचे होळकर स्टेडियम. मुंबईतही असेच घडले होते. १९३७ चे ब्रेबॉर्न स्टेडियम क्लबचे. सामन्याच्या जागांच्या वाटपावरून क्लबाचे आणि क्रिकेट संघटनेचे बिनसले आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभे राहिले. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला. नवी वास्तू बांधली म्हणजे जुने तंटे मिटतात, असे मात्र नव्हे. २०१८ मध्ये होळकर स्टेडियमवरचा एकदिवसीय सामना फुकट पासांच्या वादापायी विशाखापट्टणमला गेला! आणि खेळपट्टी म्हणाल, तर २०२३ च्या मार्चमध्ये तेथील कसोटी तिसऱ्या दिवशी सकाळीच आटोपली. आंतरराष्ट्रीय परिषदेने खेळपट्टीला आधी ‘निकृष्ट’ ठरविले आणि अपिलानंतर शेरा थोडा सौम्य केला. १९९७ चा दोषही मातीचा होता. मी शिक्षा गॅलरीला सुनावली होती.

विलायतेचे दाखले आपल्याकडे फार दिले जातात. लंडनचे १९२३ चे वेम्ब्ली २००३ मध्ये दोन्ही मनोऱ्यांसकट पाडले गेले. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबाने १९१० पासूनच्या आपल्या मैदानाशेजारी एक लाख आसनांचे नवे बांधण्याचा संकल्प २०२५ मध्ये जाहीर केला. त्यांचा हिशेब तिकिटांचा आहे आणि तो त्यांच्यापुरता योग्यच म्हणावा. नेहरू स्टेडियमला असा धनी क्लब नाही. पहाटे तेथे धावणारी पोरे, फिरायला येणारे माझ्यासारखे म्हातारे, हे तिकीट काढत नाहीत. म्हणून कोणत्याही अंदाजपत्रकात ते दिसत नाहीत. निवडणुकीची मतमोजणी तेथे होते तेव्हा त्यांना चार दिवस अन्यत्र जावे लागते, तेही ते मुकाट्याने सोसतात. पाडापाडी निघाली तर चार दिवसांची चार वर्षे होतील, आणि धावणाऱ्या मुलीचे वय काही थांबणार नाही.

तरीही ‘जुने ते सोने’ म्हणून मी हात झटकणार नाही. आमच्या वसाहतीत पाण्याची जुनी टाकी होती. दरवर्षी तिला गिलावा आणि रंग होई. माझ्या एका इंजिनिअर विद्यार्थ्याने दाखविले की आतली सळई गंजली की गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. वरून रंग दिल्याने रोग झाकतो, जात नाही. टाकी उतरवावी लागली. माणसे ज्या गॅलरीखालून रोज जातात, तिच्याबाबत आठवणींचे तारण चालत नाही.

म्हणून माझे आजचे मत असे : प्रत्येक गॅलरीची वेगळी तपासणी व्हावी. जी सावरेल ती सावरावी. जी सावरणार नाही ती एकेक करून उतरवावी, मैदान एक दिवसही बंद न ठेवता. उतरविलेल्या जागी पुन्हा बैठका बांधू नयेत; तेथे धावपट्टी, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी कपडे बदलण्याची बंद खोली व्हावी. त्या तपासणीत सरांची वरची पायरी टिकेल की नाही, ते मला ठाऊक नाही. उतरवावी लागली, तर आदल्या दिवशी सकाळी मी तेथे जाऊन बसेन. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेसहापर्यंत यावे. सर उशीर खपवून घेत नसत.