दीर्घ मुदतीची हमी आणि वेळेवरची तपासणी
(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर करावयाच्या भाषणाचा मजकूर)



पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकण्याची रीत या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर हात फिरविताना तेथील सूज, जखम वा घट्टा शेतकऱ्याच्या ध्यानात येतो. ही रीत जशी कृतज्ञतेची, तशीच ती तपासणीचीही होय. आज अनेक शेतांवर बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर उभा आहे. त्याला पोळ्याला तोरण बांधले जाते, दसऱ्याला हार घातला जातो. परंतु त्याचा खांदा पाहण्याचा दिवस मात्र बहुधा विसरला जातो. त्या विसराची किंमत किती मोठी असू शकते, हाच आजचा विषय आहे.

पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. हा मुलूख संत्र्याचा आणि कपाशीचा. नांगरणी, बागेतील फवारणी, बाजारपेठेकडे जाणारी ट्रॉली, या साऱ्यांसाठी ट्रॅक्टर लागतो. तो बहुतेक वेळा बँकेच्या कर्जावर घेतलेला असतो. ऐन हंगामात तो बंद पडला तर माल बागेत राहतो, पण हप्ता थांबत नाही. म्हणूनच विक्रेता जेव्हा पाच किंवा सहा वर्षांच्या हमीची गोष्ट सांगतो, तेव्हा ती शेतकऱ्याला मोठा आधार वाटते.

हा आधार खरा आहे, परंतु तो सशर्त आहे. काही उत्पादकांच्या सहा वर्षांच्या हमीत पहिली दोन वर्षे संपूर्ण ट्रॅक्टरची असतात आणि पुढील चार वर्षे केवळ इंजिन व गिअरपेटी यांसारख्या मुख्य भागांची. टायर व बॅटरी यांची हमी सामान्यतः त्यांच्या उत्पादकांकडे वेगळी असते. तेल, फिल्टर, ब्रेकचे अस्तर असे झिजणारे भाग हमीत धरले जात नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की, ठरलेल्या प्रत्येक तपासणीसाठी वाहन अधिकृत सेवा केंद्रात दाखविले गेले पाहिजे व त्याची नोंद सर्व्हिस बुकात झाली पाहिजे.

ही अट निव्वळ कंपनीच्या सोयीची आहे, असे समजणे बरोबर नव्हे. नव्या यंत्राचे दाते प्रारंभी एकमेकांवर घासून बसतात आणि धातूचे बारीक कण तेलात उतरतात. म्हणून पुष्कळ ट्रॅक्टरांची पहिली तपासणी अवघ्या ५० तासांच्या सुमारास ठेवलेली असते. पुढे धुळीने हवेचा फिल्टर तुंबतो, हादऱ्यांनी नटबोल्ट सैल होतात, सीलमधून तेल झिरपू लागते. संत्र्याच्या बागेत वापरल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतो व तो लोखंडास खातो. फवारणीनंतर ट्रॅक्टर स्वच्छ धुतला नाही, तर रंगाखाली गंज धरतो. अशा गंजास हमी लागू होईलच असे नाही. मोटारगाड्यांच्या बाबतीत तर काही कंपन्यांची गंजाविरुद्धची दीर्घ हमी टिकविण्यासाठी दरवर्षी गाडीचा सांगाडा विक्रेत्याकडून तपासून घ्यावा लागतो. हेतू एकच, की दोष लहान असतानाच सापडावा.

फसगत कोठे होते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. असे समजा की, सौंसरजवळच्या एका बागायतदाराने दसऱ्याला ट्रॅक्टर घेतला. त्याचे काम बागेपुरतेच असल्याने ट्रॅक्टर कमी चालला. तपासणी २५० तासांनी आहे एवढेच त्याने लक्षात ठेवले. पुस्तिकेत मात्र "२५० तास किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल ते" असे लिहिले होते. तास भरले नाहीत, पण महिने भरले. पुढील तेलबदल त्याने गावच्या मिस्त्रीकडून करून घेतला. काम चोख झाले, परंतु नोंद झाली नाही. चौथ्या वर्षी गिअरपेटी बिघडली आणि हमीची मागणी केली, तेव्हा सर्व्हिस बुकातील कोरी पाने त्याच्यासमोर ठेवण्यात आली.

या उदाहरणात दोष आळसाचा नाही, गैरसमजाचा आहे. तेल नुसते उभ्या यंत्रातही ओलावा व हवेमुळे जुने होते. म्हणूनच तासांबरोबर महिन्यांचीही मर्यादा असते. उलट, जो शेतकरी भाड्याने ट्रॉली चालवितो, त्याचे तास महिन्यांच्या कितीतरी आधी भरतात. दोघांनीही दोन्ही मोजमापांकडे लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

गावच्या मिस्त्रीकडे गेल्याने हमी आपोआप संपते काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात अशी सरसकट अट घालण्यास मनाई केली होती. बाहेरील सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल, असा त्याचा आशय होता. तथापि तो आदेश मोटारींविषयीचा होता व पुढे प्रकरण अपिलांत गेले. त्यावर विसंबून तपासणी चुकविणे शहाणपणाचे नाही. वाद जिंकण्यापेक्षा वाद न उद्भवणे केव्हाही स्वस्त पडते.

यास्तव वाहनधारकाने काही गोष्टी नेमाने कराव्यात. खरेदीच्या दिवशीच विक्रेत्याकडून प्रत्येक तपासणीची तारीख व तास लिहून घ्यावेत आणि ते घरच्या दिनदर्शिकेवर मांडावेत. मोफत तपासणीत बहुधा मजुरीच मोफत असते, तेल व फिल्टरचे पैसे द्यावे लागतात. हे आधीच विचारून घ्यावे. केंद्रातून निघण्यापूर्वी सर्व्हिस बुकावर शिक्का, सही, तारीख व मीटरवरील तास पाहून घ्यावेत. जॉब कार्ड व पक्के बिल जपून ठेवावे. केंद्राने गर्दीमुळे पुढची तारीख दिली, तर मुदतीपूर्वीच कंपनीला लेखी संदेश पाठवून त्याची प्रत राखावी. नागपुरात खरेदी केलेल्यांनी जवळच्या कोणत्या अधिकृत केंद्रातील नोंद ग्राह्य धरली जाईल, हे लेखी घ्यावे. राज्याची सीमा आड येणार नाही, असे गृहीत धरू नये.

एवढे करूनही रास्त मागणी नाकारली गेली, तर कायदा पाठीशी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगाराने स्वतःची उपजीविका चालविण्यासाठी वस्तू घेणारा हाही ग्राहकच ठरतो. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता नागपूरचा असला तरी नागपूरची वारी करावी लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हावी लागते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. प्रारंभिक साहाय्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे. परंतु आयोगासमोरही पहिला प्रश्न कागदाचाच येणार, हे विसरून चालणार नाही.

येथे शिक्षक व कर्मचारी यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. हमीपत्रे बहुधा इंग्रजीत वा हिंदीत असतात, आणि मराठी बोलणाऱ्या घरात ती न वाचताच पेटीत जातात. शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी घरचे हमीपत्र वाचून त्यातील तारखा मराठीत लिहून काढल्या, तर तो भाषेचा आणि व्यवहाराचा उत्तम पाठ होईल. ग्रामसभेत हंगामापूर्वी या विषयाचे स्मरण देता येईल. कर्ज देताना बँकेच्या कर्मचाऱ्याने तपासणीचे दोन शब्द सांगितले, तर कर्ज आणि कर्जदार दोन्ही सुरक्षित राहतील.

बैल आपले दुखणे लंगडून सांगतो. यंत्र मात्र मोडेपर्यंत पुष्कळदा मुकेच राहते. म्हणून त्याच्या खांद्यावर वेळेवर हात फिरवावा आणि तो फिरविल्याची नोंद कागदावर असावी. विकत घेतलेली हमी शेवटच्या दिवसापर्यंत आपली राहील ती याच मार्गाने.